मिलानची गाडी आधी सुटणार म्हणून धास्तावू नका, काका

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आहे. येत्या सप्टेंबरात मी आणि सौ. युरोपला निघालो आहोत. ग्रुप टूरची घाईगडबड नको म्हणून मुलाने आम्हा दोघांना युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास काढून दिला आहे. एका महिन्यात कुठलेही सात दिवस प्रवास करता येतो, असा तो पास आहे. फ्रँकफर्टला उतरून म्युनिकला पुतण्याकडे जायचं. तिथून एक दिवस साल्झबर्ग, पुढे लुझर्न, लुझर्नहून एक दिवस इंटरलाकेन, मग मिलान, मग पॅरिस. शेवटच्या दिवशी पॅरिसहून सकाळच्या गाडीने फ्रँकफर्टला येऊन त्याच रात्री मुंबईचं विमान. असे सात दिवस बरोबर बसवलेत.

गेल्या आठवड्यात ईमेल आला, की मिलान-पॅरिस गाडी आता ४० मिनिटं आधी सुटणार. तेव्हापासून सौ.ची झोप उडाली आहे. पुतण्या म्हणतो, जर्मनीत गाड्या वेळेवर नसतात आणि इटलीत संप होतात. मुलगा म्हणतो, "पास आहे ना, मग कुठल्याही गाडीत बसा." तसं असेल तर आरक्षणाचे पैसे वेगळे का घेतले? गाडी रद्द झाली तर पासाचा तो दिवस बुडाला का? सौ.चे गुडघे दुखतात, धावतपळत गाडी बदलणं तिला जमणार नाही. मिरज-पुणे मार्गावर आमचं आयुष्य गेलं, इथलं सगळं कळतं. तिथे अडचण आली तर विचारायचं कुणाला?

— एक वाचक, सांगली

उत्तर

काका, काकूंना आधी हे सांगा, की तुमचा पास शाबूत आहे. गाडीची वेळ बदलली म्हणून पासाला धक्का लागत नाही. बदललंय ते एका गाडीचं आरक्षण, आणि ते मार्गी लावणं हे घरी बसून अर्ध्या तासाचं काम आहे. तेवढं आजच उरका.

मुलाला शेजारी बसवा आणि तो ईमेल सावकाश वाचा. गाडीचा नंबर तोच आहे का, डबा आणि सीट त्याच आहेत का, सुटण्याचं स्टेशन तेच आहे का, हे ताडून बघा. स्टेशनचं मुद्दाम सांगते आहे. मिलानमध्ये मोठी स्टेशनं एकाहून जास्त आहेत. स्वित्झर्लंडहून येणारी युरोसिटी, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी गाडी, सहसा 'चेंत्राले'ला येते आणि फ्रान्सची वेगवान गाडी टीजीव्ही 'पोर्ता गारिबाल्दी'हून सुटते. चेंत्रालेजवळ हॉटेल घेतलं असेल, तर नवी वेळ गाठायला सकाळी किती वाजता निघावं लागेल याचा हिशोब आत्ताच करून ठेवा. नवी वेळ झेपण्यासारखी असेल तर आरक्षण तसंच ठेवा. नसेल तर जिथून काढलं तिथेच बदलून मागा. वेळ कंपनीने बदलली आहे, तेव्हा बदलून द्या किंवा पैसे परत करा, असं म्हणायला तुमची बाजू भक्कम आहे. फक्त उशीर करू नका. या गाडीत पासधारकांसाठी मोजक्याच जागा असतात आणि त्या संपल्या की पास हातात असूनही गाडीत चढता येत नाही.

इथेच मुलाच्या बोलण्याचा उलगडा होतो. त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. आपल्याकडे मासिक पासावर रोज सातारा-मिरज करणारा माणूस आरक्षित डब्यात जाऊन बसला तर टीसी त्याला उठवतो. पास खोटा नसतो, तो त्या डब्यासाठी नसतो इतकंच. युरोपात हा भेद डब्याऐवजी गाडीला लागतो. काही गाड्यांत आरक्षण सक्तीचं असतं आणि काहींत मुळीच लागत नाही. तुमच्या मार्गावर फ्रँकफर्ट ते म्युनिकची आयसीई (जर्मनीची वेगवान गाडी), म्युनिक ते झुरिक, झुरिक ते लुझर्न, लुझर्न ते इंटरलाकेन या सगळ्या गाड्यांत पास दाखवून बसता येतं. लुझर्न ते मिलान ही सीमा ओलांडणारी युरोसिटी, मिलान ते पॅरिस आणि पॅरिस ते फ्रँकफर्ट या तिन्हींना मात्र आरक्षण लागतं.

म्हणजे तुमचा अर्धा प्रवास मोकळा आहे आणि अर्धा बांधलेला. मोकळ्या अर्ध्यात गाडी रद्द झाली, उशिरा आली, चुकली, तरी काळजीचं कारण नाही. मागून येणाऱ्या गाडीत बसायचं. झुरिकहून लुझर्नला दर अर्ध्या तासाला गाडी आहे आणि पाऊण तासात पोचवते. लुझर्नहून इंटरलाकेनला ब्र्यूनिग घाटातून जाणारी गाडी दर तासाला सुटते. म्युनिक-झुरिक साधारण दर दोन तासांनी असते. पासाची खरी किंमत या पुढच्या गाडीत आहे. म्हणून अशा प्रवासात 'आपली अमुक वाजताची गाडी' असं मनात धरूच नका. 'सकाळी निघायचं, दुपारपर्यंत पोचायचं' असं ठरवा. एकच कटाक्ष पाळा: त्या मार्गावरची दिवसातली शेवटची गाडी आपली ठेवायची नाही. तिच्यामागे कमीत कमी दोन गाड्या उरल्या पाहिजेत. सकाळी नाश्ता करून नऊ-साडेनऊला निघालात तर दिवसभर हाताशी गाड्या असतात.

लोक आरक्षण म्हणजे सुरक्षितता समजतात आणि जिथे गरज नाही तिथेही काढून ठेवतात. काकूंच्या गुडघ्यासाठी फ्रँकफर्ट-म्युनिकला बसायची जागा नक्की हवी, तर जरूर काढा. पण ती गाडी हुकली तरी पास त्याच मार्गावरच्या पुढच्या आयसीईत चालतो, फक्त सीट शोधावी लागते, हे लक्षात असू द्या.

आता पासाचा दिवस बुडण्याचा प्रश्न. इथे लोकांचं खरं नुकसान होतं, म्हणून जरा नीट बघू.

तुमचा पास मोबाइलमध्ये आहे. 'रेल प्लॅनर' नावाचं ॲप, त्यात पास. ॲपमध्ये गाडी शोधायची, ती आपल्या ट्रिपमध्ये घालायची. मग त्या गाडीसमोरचं छोटं बटण सरकवलं, की ती पासाला जोडली जाते आणि तो दिवस तुमच्या सातांतला एक म्हणून धरला जातो. त्यानंतर ॲप त्या दिवसाचं तिकीट आणि चौकोनी क्यूआर कोड दाखवतं. गाडीत तपासनीस येतो, तो हा कोड स्कॅन करतो आणि कधी कधी पासपोर्टही मागतो. गाडी पासाला न जोडता डब्यात बसलात, तर सात दिवसांचा पास खिशात असूनही तुम्ही विनातिकीट ठरता. म्हणून पाऊल डब्यात ठेवण्याआधी बटण सरकलेलं हवं.

पण ते फार आधीही सरकवू नका. जोडलेला दिवस आदल्या रात्री बारापर्यंत काढून टाकता येतो. एकदा तो दिवस उजाडला की तो वापरला गेला, मग तुम्ही स्टेशनवरून परत हॉटेलात येऊन झोपलात तरी. म्हणून हौसेने सांगलीतच सगळे सात दिवस भरून ठेवायचे नाहीत. गाड्या ट्रिपमध्ये घालून ठेवा, यादी म्हणून ती उपयोगी पडते. बटण मात्र त्या दिवशी सकाळी, स्टेशनात पोचल्यावर, गाडी धावते आहे हे बघून सरकवा. संपामुळे किंवा पुरामुळे त्या दिवशी काहीच धावत नसेल, तर दिवस जोडूच नका. तो तुमच्या खात्यात राहतो आणि महिन्याच्या आत पुन्हा कधीही वापरता येतो.

जोडलेली गाडी ऐनवेळी रद्द झाली आणि तुम्ही पुढच्या गाडीने निघालात, तर दुसरा दिवस खर्च होत नाही. पासाचा दिवस मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत असतो आणि त्यात कितीही गाड्या बसतात. जुनी गाडी ॲपमधून काढा, नवी घाला, जोडा, झालं. नवी गाडी ॲपच्या यादीत सापडत नसेल, तर स्टेशनं आणि वेळ हाताने लिहून घालायची सोयही आहे. ऐनवेळी सोडलेली जादा गाडी असली की याचा उपयोग होतो.

एक गोष्ट आणखी. रेल प्लॅनरचं वेळापत्रक इंटरनेट नसतानाही दिसतं, ते सोयीचं आहे, पण तेव्हा ते छापील वेळापत्रकच असतं. आज कुठली गाडी रद्द आहे, कुठली अडकली आहे, हे त्यात कळणार नाही. त्यासाठी जर्मन रेल्वेचं 'डीबी नेव्हिगेटर' आणि स्विस रेल्वेचं 'एसबीबी मोबाइल' ही ॲप घ्या. भाषा इंग्रजी ठेवता येते. नेव्हिगेटरमध्ये वेळेवर असलेल्या गाडीची वेळ हिरवी आणि उशिराची लाल दिसते. फलाटावरची जर्मन घोषणा कळली नाही तरी लाल-हिरवा कुणालाही कळतो. थोडक्यात, रेल प्लॅनर तिकिटासाठी आणि बाकीची दोन बातमीसाठी. फोनमध्ये तिकडे चालणारं इंटरनेट मुंबईहून निघण्यापूर्वीच घ्या आणि पॉवर बँक पर्समध्ये ठेवा, बॅगेत नको. फोन बंद पडला तर तिकीटही गेलं.

पुतण्याचं म्हणणं खोटं नाही. २०२४ साली जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर' धरतात. वर्षानुवर्षं दुरुस्तीकडे दुर्लक्ष झालेले रूळ आणि सिग्नल आता एकदम हाती घेतले आहेत, त्यामुळे आख्खे मार्ग महिनोन्‌महिने बंद ठेवावे लागतात. पुणे-मिरज दुहेरीकरणाचे ब्लॉक ज्यांनी सोसलेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. त्याच साली स्वित्झर्लंडचा आकडा ९३ टक्क्यांच्या वर होता, आणि तिथली मोजपट्टी त्याहून कडक, तीन मिनिटांची आहे. ही वक्तशीर माणसं आपलं वेळापत्रक जपायला किती कठोर होतात, याचं उदाहरण सीमेवरच्या बासेलला दिसतं. जर्मनीहून उशिरा आलेली आयसीई ते सरळ बासेललाच संपवतात आणि प्रवाशांना आपल्या गाडीत बसवून पुढे पाठवतात. तुमचा मार्ग बासेलचा नाही, पण कधी वळसा घेऊन तिकडून जावं लागलं आणि गाडी मध्येच रिकामी करायला लावली, तर गोंधळू नका. समोरच्या फलाटावरची स्विस गाडी पासावर चालते.

काकूंच्या गुडघ्यासाठी माझा आग्रह एवढाच, की जिथे गाडी बदलायची तिथे ४० मिनिटांहून कमी वेळ ठेवू नका. ॲप आठ मिनिटांचीसुद्धा जोडगाडी सुचवतं. तिथल्या तरुणांना ती जमते, तुम्हाला जमवायची गरज नाही. शोधतानाच 'गाडी बदलायला लागणारा वेळ' वाढवून मागायची सोय नेव्हिगेटरमध्ये आहे. मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट असतात, पण त्या बऱ्याचदा फलाटाच्या एका टोकाला असतात. जर्मनीत फलाट ए, बी, सी, डी अशा भागांत विभागलेला असतो आणि कुठला डबा कुठे येणार ते पाटीवर दाखवतात. डबे उलट्या क्रमाने लागले, हाही तिथला नेहमीचा प्रकार आहे. आपल्याकडे कोचच्या आकड्याखाली उभं राहिलेले लोक ऐनवेळी बॅगा घेऊन धावतात, तसंच तिथे होतं. तुम्ही फलाटाच्या मध्याला उभे राहा, कुठल्याही बाजूला निम्मंच चालावं लागेल. आणि धावण्यापेक्षा जवळच्या दारातून आत शिरा, आतून डब्याडब्यातून जाता येतं. अपवाद एकच: दोन गाड्या जोडून धावत असतील तर एकीतून दुसरीत जाता येत नाही आणि पुढे त्या वेगवेगळ्या गावांनाही जाऊ शकतात. तेव्हा दारावरचं गावाचं नाव वाचूनच चढा.

आता तुमच्या आखणीतली मला खटकलेली गोष्ट स्पष्ट सांगते. पॅरिसहून सकाळी निघून त्याच रात्रीचं विमान गाठायचं, हे करू नका. गाडी थेट असली तर साधारण चार तासांचा प्रवास आहे, कागदावर वेळ भरपूर दिसतो. पण ही गाडी आरक्षणाची आहे. ती रद्द झाली तर पुढच्या गाडीत हक्काने बसता येत नाही, जागा मिळेल तेव्हा जायचं. विमान काही थांबत नाही, आणि विमानाचं तिकीट बुडालं तर ते रेल्वे भरून देणार नाही. पॅरिसचा मुक्काम एका रात्रीने कमी करा आणि ती रात्र फ्रँकफर्टला काढा. पासाचे दिवस तेवढेच लागतात. दुसऱ्या दिवशी शहरातून विमानतळाला लोकल गाडीने पंधरा मिनिटांच्या आत पोचता येतं. त्यासाठी साधं तिकीट काढा, पासाचा दिवस तिथे घालवू नका. पॅरिसमध्ये एक ध्यानात ठेवा: मिलानची गाडी 'गार द लियों'ला येते आणि फ्रँकफर्टची 'गार द लेस्त'हून सुटते. दोन्हींमध्ये शहराचा चांगला मोठा तुकडा आहे. हॉटेल लेस्तजवळ घ्या, म्हणजे निघायच्या दिवशी सकाळी पायपीट नको.

दुसरी दुरुस्ती साल्झबर्गची. सातच्या सात दिवस बसवलेत, हातचा एकही राखला नाही. वाटेत कुठे मुक्काम करून प्रवास दोन दिवसांत करावा लागला, तर आठवा दिवस आणायचा कुठून? साल्झबर्गसाठी पास वापरूच नका. म्युनिकहून 'बायर्न तिकीट' नावाचं दिवसभराचं तिकीट मिळतं. प्रादेशिक गाड्यांत चालतं, ऑस्ट्रियात असूनही साल्झबर्ग स्टेशनपर्यंत चालतं, आणि एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होतं. पुतण्या त्यावर तुमच्याबरोबर येऊ शकेल. त्याने हौसेने स्वतःसाठी युरेल घ्यायचं म्हटलं तर ते मिळणार नाही, कारण तो युरोपचा रहिवासी. त्याला युरोपच्या रहिवाशांसाठीचा इंटररेल पास घ्यावा लागतो आणि तो राहत्या देशात फक्त जायला एक दिवस आणि यायला एक दिवस चालतो. असा साल्झबर्गचा दिवस वाचला, की तुमच्याकडे एक दिवस शिल्लक राहतो. तो शेवटपर्यंत हात न लावता ठेवा. गरज पडली नाही तर पॅरिसहून कुठे जवळपास फिरून या.

आता मिलानची बाजू. आल्प्स पार करणाऱ्या वाटा मोजक्याच, आणि एक अडली की तिचा ताण बाकीच्यांवर येतो. २०२३ चा ऑगस्ट महिना त्या दृष्टीने फार वाईट गेला. १० ऑगस्टला स्वित्झर्लंडमधल्या गोथार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यात मालगाडीचं चाक तुटून डबे घसरले आणि तो पूर्ववत व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. बहुतेक प्रवासी गाड्या तोवर जुन्या डोंगरी मार्गाने जात होत्या आणि तासभर जास्त लागत होता. २७ ऑगस्टला फ्रान्सच्या मोरियान खोऱ्यात दरड कोसळली आणि पॅरिस-मिलान मार्ग बंद पडला. तो थेट ३१ मार्च २०२५ ला सुरू झाला. घाटातली दरड आणि २०१९ च्या महापुरात बंद पडलेली मिरज-कोल्हापूर रेल्वे पाहिलेल्या आपल्या माणसांना याचं नवल वाटू नये. दोन्ही मार्ग आता चालू आहेत. पण असं काही झालंच, तर दुसरी वाट माहीत असावी. लुझर्नहून गोथार्ड अडला तर बर्नमार्गे सिंप्लॉनच्या बोगद्यातून मिलानला जाता येतं. आरक्षणाची युरोसिटीच रद्द झाली तर स्विस गाडीने सीमेवरच्या कियासोपर्यंत जा, तिथून मिलानकडे साध्या प्रादेशिक गाड्या मिळतात, त्यांना आरक्षण नाही. वेळ जास्त लागेल, पण पोचाल.

मिलान-पॅरिसला मात्र अशी साधी वाट नाही. ती गाडी रद्द झाली, तर ज्या कंपनीचं आरक्षण आहे तिच्याच काउंटरवर जाऊन पुढची गाडी मागायची. म्हणून त्या दिवशी संध्याकाळी पॅरिसला कुठलंही तिकीट काढलेला कार्यक्रम ठेवू नका.

इटलीतल्या संपाचा बाऊ करू नका. कायद्याने तिथे किमान दहा दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणजे तो अचानक अंगावर येत नाही. संप बऱ्याचदा शुक्रवारी ठेवतात, तेव्हा मिलानला पोचणं किंवा मिलान सोडणं शुक्रवारी नको. संपाच्या दिवशीही कामाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. लांब पल्ल्याच्या कुठल्या गाड्या नक्की धावणार याची यादीही आधी जाहीर होते. फ्रान्समध्ये संप असला तर आदल्या दिवशी संध्याकाळी ५ च्या सुमारास दुसऱ्या दिवसाचं चित्र स्पष्ट होतं. मिलानच्या मुक्कामात रोज संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर विचारत जा, त्यांना हे पाठ असतं.

विचारायचं कुणाला, हे तुम्ही लिहिलंत. गाडीत असाल तर तपासनीसाला विचारा. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये बहुतेकांना इंग्रजी येतं, आणि पुढची गाडी कुठल्या फलाटावर आहे ते त्यांच्या हातातल्या यंत्रात दिसतं. उशीर होतोय म्हणून आरक्षणाची गाडी चुकणार असं दिसलं, की गाडीतच त्यांना सांगा आणि उशिराची नोंद करून मागा. अशा वेळी पुढच्या गाडीत सामावून घेण्याची पद्धत बऱ्याच कंपन्यांत आहे, पण ती गृहीत धरून परस्पर चढू नका. आधी काउंटरवर किंवा दारातल्या कर्मचाऱ्याला विचारा, शिक्का किंवा शेरा घ्या, मग चढा. विचारून चढलेल्याला सहसा कुणी उतरवत नाही. न विचारता चढलेल्याला दंड होतो.

युरोपीय संघात रेल्वे प्रवाशांच्या हक्काचा जो कायदा ७ जून २०२३ पासून लागू आहे, तो पासधारकांनाही संरक्षण देतो. गाडी तासाभराहून जास्त उशिरा असेल तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची असते, आणि रात्र काढावीच लागली तर शक्य तिथे हॉटेलचीसुद्धा. पण मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही. स्वतःच्या पैशाने हॉटेल घेण्याआधी काउंटरवर जाऊन विचारा. काउंटर बंद असेल तर बंद खिडकीचा फोटो काढा, हॉटेलची पावती जपून ठेवा. स्वित्झर्लंड संघात नाही, तिथले नियम त्यांचे स्वतःचे आहेत.

पैशाची भरपाईही मिळते. ६० मिनिटांहून जास्त उशिराला प्रवासभाड्याच्या २५ टक्के, दोन तासांहून जास्त असेल तर ५० टक्के. पासाच्या बाबतीत पासाची किंमत भागिले प्रवासाचे दिवस, अशा एका दिवसाच्या किमतीवर हा हिशोब होतो आणि मागणी युरेलकडेच त्यांच्या फॉर्मवर करायची असते. आरक्षणाचे पैसे जिथून काढलं तिथे वेगळे मागायचे. वादळ, पूर अशा कारणांत भरपाई नाकारली जाऊ शकते. रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप मात्र त्या सबबीत बसत नाही, हे त्या कायद्यातच लिहिलंय. रक्कम फार मोठी नसते, म्हणून तिथे सुट्टीचा दिवस यात घालवू नका. रद्द झालेल्या गाडीचा ॲपमधला स्क्रीनशॉट, आरक्षण आणि शेरा एका फोल्डरमध्ये ठेवा. मागणी करायला तीन महिने मिळतात. सांगलीला परत आल्यावर मुलाकडून फॉर्म भरून घ्या.